सासूबाईंच्या हातची सुई

माझं माहेर चिपळूणचं आणि सासर रत्नागिरीचं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो: सासूबाई, माझे यजमान आणि मी. मामंजी आधीच वारले होते. यजमान कचेरीत कारकून होते आणि धाकटे दीर मुंबईला एका पेढीवर नोकरीला होते. घर लहान, जांभ्या दगडाचं, पुढे ओटी, मागे विहीर आणि दहाबारा पोफळी.

सासूबाई फार कमी बोलत. त्यांनी मला कधी शिव्या दिल्या नाहीत की हात उगारला नाही. पण त्या नुसत्या बघायच्या, आणि त्या बघण्यानं माझ्या हातातली कळशी डचमळायची. सोवळंओवळं कडक. त्या विधवेचं लाल आलवण नेसून चुलीपाशी असल्या की मी उंबऱ्याच्या अलीकडून विचारायचं, भात किती टाकू, आणि त्यांनी बोटांनी दाखवायचं. पाच वर्षांत आमचं याहून लांब बोलणं फारसं झालं नव्हतं.

त्या पाच वर्षांतली एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. श्रावणात चिपळूणहून माझ्या वडिलांचं पत्र आलं, तुझी आई अंथरुणाला खिळली आहे, जमलं तर ये. सासूबाई म्हणाल्या, पाऊस फार आहे, नद्या भरल्या आहेत, गणपती झाले की जा. गौरी जाण्याच्या दिवशी दुसरं पत्र आलं. त्यात आई गेल्याचं लिहिलं होतं. मी विहिरीवर जाऊन रडले, डोळे धुतले आणि परत येऊन भांडी घासायला बसले. त्याबद्दल मी कुणाला एक शब्द बोलले नाही. यजमानांनाही नाही.

पुढच्या वर्षी थंडीत मला तहान लागायला लागली. मी तांब्यातांब्यानं पाणी प्यायची आणि तरी जीभ टाळ्याला चिकटायची. पुरुषाएवढं जेवायची आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. सारखं परसात जावं लागायचं. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिला काहीतरी लागलं आहे. मी घाबरून सगळं लपवत होते. पण सासूबाईंचं बघणं चालूच होतं. एके सकाळी त्यांनी परसात मी जाऊन आले होते तिथे मुंग्यांची रांग पाहिली. त्यांनी अंगावर धाबळी घेतली आणि मला म्हणाल्या, "चल, वैद्यांकडे जाऊ."

आमचे वैद्य म्हातारे होते. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मुंग्यांचं ऐकलं आणि मधुमेह असल्याचं सांगितलं. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी पुडी बांधायला घेतली होती ती परत सोडली आणि म्हणाले, पन्नाशीच्या माणसाला माझ्या चूर्णानं उतार पडतो. एवढ्या लहान वयात हा रोग झाला तर माझ्या औषधानं माणूस राहत नाही, मी पाहिलं आहे. सरकारी इस्पितळात मुंबईहून नवे डॉक्टर आले आहेत, उशीर न करता तिकडे न्या.

ते डॉक्टर तिशीचेच होते. त्यांनी माझी लघवी काचेच्या नळीत घालून निळ्या औषधात उकळली. निळं होतं ते हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी आमच्या अंगणातल्या चिऱ्यासारखं लाल झालं. डॉक्टरांनी यजमानांना सांगितलं की यावर विलायतेहून इन्शुलिन नावाचं औषध यायला लागलं आहे. ते रोग बरा करत नाही, पण माणसाला जगवतं. जेवणाआधी दोन वेळा सुईनं टोचायचं, रोज, कायम. घरातल्या कुणीतरी ते शिकून घ्यायला हवं.

यजमानांनी पिचकारी हातात घेतली. माझ्या दंडाची कातडी चिमटीत धरली आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला. सुई टेकते न टेकते तोच ते बाकावर बसले आणि त्यांनाच पाणी पाजावं लागलं. माझे हात तर इतके अशक्त होते की दट्ट्या दाबला जाईना. सासूबाई तोवर दाराबाहेर भिंतीला न टेकता उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "मला दाखवा."

डॉक्टरांनी त्यांना केळीच्या खुंटाचा तुकडा दिला आणि पिचकारीत साधं पाणी भरून टोचायला शिकवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पिचकारीवरच्या रेघा मोजता येत होत्या. तीन दिवस त्या इस्पितळात येऊन केळीच्या खुंटाला टोचत बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला टोचलं. मला कळलंही नाही.

त्याच दिवशी निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, हे औषध कशाचं करतात. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की हे मारलेल्या जनावरांच्या पोटातल्या एका अवयवातून काढतात. परतीच्या वाटेवर सासूबाई माझ्या चार पावलं पुढे चालत होत्या. घरी आल्या, आंघोळ केली आणि देवापुढे बसल्या. खूप वेळ बसल्या. सासूबाई औषधाची बाटली घरात ठेवू देतात की नाही याचा विचार करत मी ओटीवर बसून राहिले. मी आपली मनात म्हणत होते की त्या नाही म्हणाल्या तर मी त्यांना दोष देणार नाही. दिवेलागणीच्या आधी त्या बाहेर आल्या आणि त्यांनी मला विचारलं, सुई किती वेळ उकळायची म्हणून सांगितलं होतं.

पहिले काही महिने त्या मला टोचून झाल्यावर प्रत्येक वेळी आंघोळ करत. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि नेहमीची पहाटेची वेगळी. माघाच्या गारठ्यात विहिरीचं पाणी अंगावर घेताना त्यांचे दात वाजलेले मला ऐकू यायचे. मी एकदा म्हटलं, मी आता स्वतः टोचून बघते. त्या म्हणाल्या, आधी अंगावर मांस येऊ दे. पुढे त्या दोनाऐवजी एकदाच आंघोळ करू लागल्या, मग नुसते हातपाय धुऊ लागल्या, आणि दुसऱ्या वर्षी आंचवल्यासारखे हात धुऊन सरळ चुलीपाशी जाऊ लागल्या. त्यांनी हे कधी ठरवून केलं असं वाटत नाही.

आमचा दिवस त्या बाटलीभोवती बांधला गेला. सकाळी उठल्यावर पहिलं काम लघवीची नळी उकळण्याचं. स्पिरिटच्या दिव्यावर सासूबाई नळी धरायच्या आणि मी रंग बघायची. निळा राहिला की त्या नुसतं "हं" म्हणायच्या, पिवळा आला की आदल्या दिवशी मी काय खाल्लं ते आठवायला लावायच्या. यजमानांनी बाजारातून लहानशी तागडी आणली होती. त्यावर माझी नाचणीची भाकरी तोलली जायची, मूठभर भात तोलला जायचा. पडवळ, दुधी, लाल माठ हे हवं तेवढं. बाटली माजघरात ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवलेली असायची. चैत्रात माजघरही तापायला लागलं, तेव्हा घरात गार जागा एकच उरली, ती देवघराची. सासूबाईंनी मडकं उचललं आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मी तोंडाकडे बघत राहिले तर म्हणाल्या, वाळू रोज ओली करायची आठवण ठेव.

औषध मुंबईहून दीर पाठवायचे. लाकडी खोक्यात भुसा घालून, बोटीवरच्या ओळखीच्या माणसाच्या हातात द्यायचे. बोट बाहेर उभी राहायची, पडावातून माल बंदराला यायचा, आणि यजमान कचेरीतून परस्पर तिकडे जायचे. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून वैशाखातच चार महिन्यांचा साठा करावा लागायचा, आणि काही कमी पडलं तर कोल्हापूरकडून घाटानं टपालाबरोबर यायचं. त्यासाठी दिरांनी किती वर्षं किती हेलपाटे घातले, मला माहीत नाही. ते कधी बोलले नाहीत.

मी सुधारले. बांगड्या मनगटावर आल्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं तेव्हा सासूबाईच म्हणाल्या की यंदा कर, बायकांना दिसू दे तू बरी झालीस ते. त्या विधवा, म्हणून त्या स्वयंपाकघरात पन्हं आणि डाळ करत होत्या आणि बाहेर मी बायकांना कुंकू लावत होते. संध्याकाळची सुई टोचून झाली होती. त्यावर लगेच जेवायचं असतं. पण बायका येत राहिल्या, एकीला बसवून दुसरीची ओटी भरावी, असं करता करता माझं जेवण राहून गेलं.

पुढचं मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी जमिनीवर बसले होते, अंग घामानं भिजलं होतं, सासूबाईंनी माझं डोकं धरलं होतं आणि त्या माझ्या तोंडात पन्हं घालत होत्या. शेजारी एक पेला आडवा पडला होता. बायका भिंतीकडे सरकून उभ्या होत्या.

औषध जास्त झालं किंवा जेवण राहिलं की रक्तातली साखर उतरते, घाम येतो, हातपाय कापतात, तेव्हा ताबडतोब गोड द्यायचं, एवढं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्या वेळी माणूस काहीही बोलतो, हे सांगायचं राहिलं असावं.

चार दिवस घरात सगळे गप्प होते. यजमान माझ्याकडे बघायचे आणि पान वाढून घ्यायचे. सासूबाई वेळेवर टोचायच्या, वेळेवर भाकरी तोलायच्या. शेवटी विहिरीवर शेजारच्या वहिनींनी मला सांगितलं. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या होत्या की नव्या आलेल्यांना कुंकू लाव. त्यावर मी हळदीचा करंडा फेकला होता आणि सगळ्या बायकांदेखत ओरडले होते, "म्हातारे, तू माझ्या आईला मला भेटू दिलं नाहीस. तुला गणपतीला मोलकरीण हवी होती." त्यांनी पन्ह्याचा पेला पुढे केला तर तोही मी उडवला. दुसरा पेला त्यांनी माझं नाक दाबून पाजला.

मी तशीच रिकामी कळशी घेऊन घरात आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, मला काही आठवत नाही, ते मी नाही बोलले, रोग बोलला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"रोग बोलला खरा," त्या म्हणाल्या. "पण तो खोटं कुठे बोलला?"

मी वर बघितलं. त्या सुपातल्या तांदळांकडे बघत होत्या.

"पाऊस होता, नद्या भरल्या होत्या. पण सोबत माणूस देऊन तुला पाठवता आलं असतं. माणसं जात होतीच. गणपती तोंडावर आले होते, घरात हात हवे होते, म्हणून मी ठेवून घेतली." मग त्या म्हणाल्या, "तू कधी काही बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं, तुला एवढं लागलं नसेल."

मी त्यांच्या शेजारी बसून तांदूळ निवडायला लागले. त्यांनी सूप थोडं माझ्याकडे सरकवलं.

आठ दिवसांनी त्यांनी यजमानांना सांगितलं की बोटी बंद व्हायच्या आत सुनेला चिपळूणला न्यायचं आहे, आणि टोचायला आपणच बरोबर जाणार. त्यांनी आयुष्यात बोटीत पाय ठेवला नव्हता. गणपतीपुळ्याला बैलगाडीनं गेल्या होत्या तेवढाच त्यांचा प्रवास. डॉक्टरांना विचारून सगळं बांधलं: पिचकारी आणि सुया स्पिरिटच्या बाटलीत, औषध ओल्या फडक्यात गुंडाळून बोळक्यात, तागडी, नाचणीच्या भाकऱ्या, आणि माझ्या पदराच्या गाठीत गुळाचा खडा.

पडावातून बोटीवर चढतानाच सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. जयगड यायच्या आत त्यांना तीनदा उलटी झाली. त्या डेकवर डोळे मिटून, लोखंडी खांबाला धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, आज राहू दे, दाभोळला उतरल्यावर बघू. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, किती वाजले. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी घड्याळ पाहून सांगितलं. त्या उठल्या. शेजारी खलाशांच्या घरच्या चार बायका मुंबईला निघाल्या होत्या, त्यांना म्हणाल्या, जरा लुगड्याचा आडोसा धरा. त्या बायकांनी काही न विचारता लुगडं उलगडून चारी बाजूंनी धरलं. सासूबाईंनी रेघा मोजल्या, बोट वर गेली तेव्हा थांबल्या, खाली आली तेव्हा टोचलं. मग मला भाकरी तोलून दिली, मी पहिला घास घेतलेला पाहिला आणि परत खांबाला धरून बसल्या. चौघींपैकी म्हातारीनं त्यांना आपल्याजवळचं लिंबू हुंगायला दिलं. ते त्यांनी घेतलं. परक्या घरचं काही हातात घेताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दाभोळहून खाडीनं लहान होडीतून आम्ही चिपळूणला पोचलो. वडील दारात उभे होते. सासूबाई पायरी चढल्या नाहीत. अंगणातच थांबून म्हणाल्या, "तुमची मुलगी मी वेळेवर पाठवली नाही. ते सांगायला आले आहे."

वडिलांनी आधी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं की माझी आई शेवटच्या दिवसांत स्वतःच म्हणत होती, पुराचं पाणी आहे, पोरीला बोलावू नका. पत्र त्यांनी तिला न विचारता घातलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या आई होत्या, त्यांनी तसं म्हणायचं. मी म्हणायला नको होतं."

आठ दिवस आम्ही राहिलो. विहीणबाई म्हणून त्यांनी पाटावर बसून सरबराई करून घेतली नाही. आईच्या हातचं लिंबाचं लोणचं बरणीत शिल्लक होतं, वडिलांनी ते वाढलं. त्याचं वजन मात्र सासूबाईंनी केलं नाही.

त्यानंतर घरात एक नियमच झाला. मी कधी त्यांना एकेरीवर येऊन "अगो" म्हटलं, यजमानांवर विनाकारण चिडले, की सासूबाई आधी गुळाचा खडा आणायच्या आणि मग काय ते ऐकायच्या. एकदा मी खरोखरच रागावले होते, साखर नीट होती, तरी त्यांनी खडा पुढे केला. मी हसले आणि भांडण तिथेच राहिलं.

सगळं सुरळीत गेलं असं नाही. एका पावसाळ्यात दोन बाटल्या फुटल्या आणि आठवडाभर अर्ध्या औषधावर काढावा लागला. सासूबाईंनी भात, भाकरी सगळं बंद करून मला ताक आणि पाल्यावर ठेवलं, आणि स्वतःही तेच खाल्लं. मला एकदा दिवस राहिले होते, पाचव्या महिन्यात गेले. त्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा नको म्हणून बजावलं. तेव्हा नात्यातले लोक सासूबाईंकडे येऊन सुचवायला लागले की मुलाचं दुसरं लग्न करा, वंश बुडेल. मी माजघरात ऐकत होते. त्या म्हणाल्या, "एक सून सांभाळायला मी शिकले आहे. तेवढी पुरे." यजमान ओटीवर वही लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्या संध्याकाळी ते माझ्यासाठी सोनचाफ्याची फुलं घेऊन आले.

पुढे डॉक्टर आपल्या इतर रोग्यांच्या घरच्यांना आमच्याकडे पाठवायला लागले. मिऱ्याकडची एक दर्यावर्दी मुसलमान कुटुंबातली बाई यायची, तिच्या दहा वर्षांच्या मुलीला हाच रोग झाला होता. सासूबाई ओटीवर बसून तिला केळीच्या खुंटावर टोचायला शिकवत. सुईला धार कशी लावायची, नळी तोंडाशी न धरता तिरकी कशी धरायची, सगळं सांगत. ती बाई जाताना म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू. सासूबाई म्हणाल्या, मुलीवर चिडू नको, तेवढं कर.

माझ्या तिशीच्या सुमाराला सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. तेव्हापासून मी स्वतः टोचायला लागले, त्यांच्या खाटेशी बसून, कारण त्यांना ते दिसायला हवं असायचं. नवं दुधाळ औषध आलं, दिवसातून एकदाच टोचायचं. त्यांनी बाटली उजेडात धरायला लावली आणि अडखळत म्हणाल्या, नासलेलं दिसतंय, डॉक्टरांना विचार. डॉक्टर येऊन स्वतः सांगून गेले तेव्हा त्यांचं समाधान झालं. मी त्यांना भरवायची, आंघोळ घालायची. त्यांना तान्ह्या मुलासारखं उचलावं लागतं याची त्यांना लाज वाटायची. मी म्हणायची, आता माझी पाळी.

दीड वर्षानं त्या गेल्या. सकाळी मी नळी उकळून त्यांना रंग दाखवला होता, निळा होता. त्यांनी "हं" म्हटलं आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या.

आता मी त्या वेळच्या त्यांच्या वयाला पोचले आहे. पायांची बोटं बधिर आहेत, उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. तरी सकाळी उठते, भाजी चिरते, अंगण झाडते, पोफळींना पाणी लावते. ज्या रोगानं विसाव्या वर्षीच माझा निकाल लागायचा होता, त्याच्याबरोबर मी सबंध आयुष्य संसार केला. पुडी परत सोडणारे वैद्य, खरं सांगणारे डॉक्टर, भुशात बाटल्या बांधणारे दीर, लुगडं धरून उभ्या राहिलेल्या त्या चार बायका, त्यांच्यातल्या कुणाचेही आभार मानायचं मला वेळेवर सुचलं नाही. सासूबाईंचे तर मानलेच नाहीत, आमच्याकडे तशी रीत नव्हती. म्हणून हे लिहून ठेवलं.